दहा डोये

फैजपूरला यावल रोडवर, झेरॉक्सच्या वरच्या माळ्यावर,
पत्रा मे महिन्यात करतो ते करत होता
तेव्हा डॉ. तेजल बोरोले पेन ड्राइव्ह घेऊन आली.
कझानला शिकलेली. सावद्यात डोळ्यांचा दवाखाना काढतेय.
"पाटीच्या कोपऱ्यात हे एक अक्षर पाहिजे, ताई. लहानसं."

फाइल उघडली.
अक्षराच्या जागी चौकोन,
खिडकी बसवायची राहून गेलेल्या भिंतीसारखा.

मी चौकोनाला घाबरत नाही.
बावीस वर्षं डीटीपी केलंय, लग्नपत्रिकांवर संसार चालवलाय.
जुन्या फॉन्टात तर आपला ळ हा ळ नव्हताच,
इंग्रजी अक्षराला घातलेला सदरा होता.
एकदा सुरतेच्या प्रेसने फाइल उघडली, सदरा उतरला,
आणि नवरीच्या आत्याच्या नावात
टक्के, कंस आणि डॉलर निघाले.
चौकोनाचं तसं नाही. चौकोन प्रामाणिक असतो.
म्हणतो, पाहुणा आलाय, नंबर बरोबर आहे,
याच्या मापाचं कापड मात्र या घरात नाही.

नंबर पाहिला : ए सहा सहा ई.
आत, मशीनच्या पोटात, तीन खण :
दोनशे चौतीस, एकशे त्रेपन्न, एकशे चौऱ्याहत्तर.

तेजल सांगत होती,
तिकडे सहाशे वर्षांपूर्वी एक लेखकू
स्तोत्रांची पोथी उतरवत बसला होता.
'अनेक डोळ्यांचे देवदूत' लिहिताना
शब्दातल्या ओ-चेच त्याने डोळे केले.
एकदाच. त्याच पोथीत.
पुन्हा कुणालाच गरज पडली नाही.
आणि तेवढ्यासाठी साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरांत
एक जागा राखून ठेवलीय, कायमची.

मी फॉन्ट शोधून टाकला. चौकोन उघडला.
गोळ्याला गोळा चिकटलेला, प्रत्येकात बुबुळ.
लुकमान तडवी लॅमिनेशन सोडून वर आला, बघत राहिला.
"येवढे डोये! अन् वाचता एकबी येत नही याले."

तेजलने बोट लावून मोजले. सात.
"पोथीत दहा आहेत, ताई.
आधी यांनी सातच काढले होते. मग कुणीतरी फोटो नीट पाहिला.
तुमचा फॉन्ट जुना आहे."
"मग नंबर बदलला असेल?"
"नंबर नाही बदलत. एकदा दिला की दिला."

माझं आडनाव भंगाळे.
आधारवर भंगाळे, लाइट बिलावर भंगाळे,
गावात जन्मापासून भंगाये.
केळीची केयी होते, काळ्याचा काया, डोळ्याचा डोया,
आमच्या जिभेवर ळ टिकत नाही, वितळतो.
तरी त्यालाही आत तीन खण आहेत,
दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे एकोणऐंशी,
त्या बहुडोळ्याइतकेच.
आम्ही बोलू न बोलू, त्याची जागा कुणी घेत नाही.
आईने मारलेल्या हाकेतल्या त्या 'ये'ला मात्र
वेगळा नंबर नाही. तो येण्यातलाच ये.

नवा फॉन्ट उतरेना, नेट गेलेलं.
शेवटी मी माउस धरला
आणि खालच्या बाजूला तीन डोळे हाताने काढले.
आठवा जरा तिरळा झाला.
तेजल म्हणाली, राहू द्या.

पाटी लागली. पंधरा दिवसांनी ती पेढे घेऊन आली.
म्हणाली, तक्ता यायचा होता, म्हणून पहिल्या दिवशी
पेशंटला पाटीसमोरच उभं केलं.
चिनावलचे एक म्हातारेबुवा, दोन्हीकडे मोतीबिंदू.
"बाबा, त्या गोळ्यात डोये किती?"
बुवांनी हात कपाळावर धरला. वेळ घेतला.
"सात दिसू राह्यले, बाई."

तेजल हसत होती.
मी पेढ्याचा कागद घडी घालत होते.
माझेच तीन दिसले नसणार.